लेझर प्रिंटरचा कागद: जीएसएमच्या आधी ओलावा आणि उष्णता

प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातील एका छोट्या टंकलेखन व छपाई केंद्राच्या चालकांचा आहे. त्यांच्याकडे ए४ आकाराचा एकरंगी लेझर प्रिंटर आहे. पावसाळा लागला की कागद अडकू लागतो, छपाई फिकट येते आणि अक्षरांवरून बोट फिरवले तर बोट काळे होते. ७०, ७५ आणि ८० जीएसएमपैकी (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कोणता कागद घ्यावा, आणि याच यंत्रावर मुद्रांक कागद, लिफाफे, लग्नपत्रिका, स्टिकर व प्लास्टिकच्या कार्डांच्या शीट छापता येतील का, असे त्यांनी विचारले आहे.

दुकानात कागद मागताना बोलणे जीएसएमपासूनच सुरू होते, त्यामुळे प्रश्नाची सुरुवात तिथून होणे स्वाभाविक आहे. तथापि कार्यालयांतील आणि झेरॉक्स केंद्रांतील यंत्रांची देखभाल करताना जे दिसते त्यावरून माझे मत असे झाले आहे की कागदाचे वजन हा निवडीतील दुय्यम मुद्दा आहे. कागदात पाणी किती आहे, आणि त्यावर जे काही लावलेले, चिकटवलेले किंवा आधी छापलेले आहे ते उष्णतेत टिकते का, या दोन गोष्टींवर छपाईचा दर्जा आणि यंत्राचे आयुष्य कितीतरी अधिक अवलंबून असते. हे का, ते समजण्यासाठी यंत्राच्या आत काय घडते ते थोडक्यात पाहावे लागेल.

लेझर प्रिंटरमध्ये द्रवरूप शाई नसते. टोनर म्हणजे पॉलिएस्टर किंवा स्टायरिन-ॲक्रिलेट जातीच्या प्लास्टिकची अतिशय बारीक पूड. तिच्यात काजळी आणि बहुधा थोडे मेण मिसळलेले असते. लेझरचा किरण ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावर विद्युतभाराच्या रूपात मजकूर उमटवतो, टोनर तेवढ्याच जागी चिकटतो, आणि कागद ड्रमला लागून जात असताना त्याच्या पाठीमागच्या रोलरने दिलेल्या विद्युतभारामुळे तो टोनर ड्रमवरून सुटून कागदावर येऊन बसतो. इथपर्यंत ही पूड कागदावर नुसती ठेवलेली असते. बोट लागले तरी ती पुसली जाईल. त्यानंतर कागद फ्यूजर नावाच्या तापलेल्या भागात दाबला जातो, तिथे साधारण १८० ते २१० अंश सेल्सियस तापमानाशी त्याचा सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरता संबंध येतो, प्लास्टिक वितळते आणि कागदाच्या तंतूंत रुतून बसते. म्हणून या यंत्रात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूने विद्युतभार धरून ठेवला पाहिजे, त्या तापमानात ती वितळता, चिकटता किंवा धूर सोडता कामा नये, आणि यंत्रातील वळणे तिने न मोडता, न घसरता पार केली पाहिजेत. इंकजेटवर उत्तम चालणारी वस्तू इथे घातक ठरू शकते, ती यामुळेच.

आता आपल्या पावसाळी तक्रारीकडे वळू. कॉपियर कागद कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात साधारण ४ ते ६ टक्के पाणी असते, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर ते तेवढेच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि गोव्यात ही आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. वेष्टन फोडून उघडा ठेवलेला कागद अशा हवेत सादळतो आणि त्यातील पाणी जवळजवळ दुप्पट होते. ७५ जीएसएमच्या ए४ कागदाचे ५०० पानांचे रीम सुमारे २ किलो ३४० ग्रॅम भरते. त्यात १० टक्के पाणी धरले तर एका रीममध्ये जवळजवळ पाव लिटर पाणी आहे असा हिशेब निघतो. पावसाळ्यात प्रिंटरच्या तोंडातून कधीकधी वाफ निघताना दिसते आणि लोक यंत्र जळाले म्हणून घाबरून फोन करतात. ती वाफ या पाण्याची असते.

ओल्या कागदातून वीज अधिक सहज वाहते, त्यामुळे मागच्या रोलरने दिलेला विद्युतभार कागदावर टिकत नाही, झिरपून जातो, आणि ड्रमवरचा सगळा टोनर कागदावर उतरत नाही. छपाई फिकट किंवा डागाळलेली दिसते, विशेषतः मोठ्या काळ्या पट्ट्यांत आणि छायाचित्रांत. फ्यूजरमध्ये गेल्यावर उष्णतेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो, टोनरपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही, आणि अक्षरे बोटाने पुसली जातात. कागदाची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक वेगाने सुकत असल्यामुळे तो वळतो, आणि वळलेली कड पुढच्या रोलरला न सापडता अडकते. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी या एकाच कारणाच्या आहेत. दुर्दैवाने अशा वेळी पहिला उपाय म्हणून टोनरचे कार्ट्रिज बदलले जाते, मग ड्रम, मग रोलर. आणि ट्रेमध्ये मात्र तोच चार दिवस उघडा पडलेला कागद राहतो. पावसाळ्यात फिकट छपाईची तक्रार आली तर आधी नवे, सीलबंद रीम फोडून त्यातील दहा-वीस पाने लगेच छापून पाहावीत. ती स्वच्छ आली तर यंत्रात दोष नाही, हे तिथेच ठरते.

सीलबंद म्हणताना एक गोष्ट पाहून घ्यावी. रीमच्या वेष्टनाला आतून प्लास्टिकचा किंवा मेणाचा थर असतो, तो ओल अडवण्यासाठीच. नुसत्या साध्या तपकिरी कागदात बांधलेले स्वस्त पुडके कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत घेऊ नये, मग त्यावर कोणताही आकडा छापलेला असो. रीम जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर आडवे ठेवावे, ट्रेमध्ये त्या दिवशी लागेल एवढाच कागद भरावा, आणि उरलेला रात्री घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात किंवा जाड पिशवीत बांधून ठेवावा. दिवसा वातानुकूलित असलेल्या खोलीत वातानुकूलन बंद झाल्यावर रात्रभरात ओल परत भरते, हे कार्यालयांत सहसा लक्षात घेतले जात नाही. सोमवारी सकाळी कागद अधिक अडकतो त्याचे कारण बहुधा तेच असते. मोठ्या झेरॉक्स यंत्रांच्या ट्रेखाली कागद कोरडा ठेवण्यासाठी लहानसा हीटर बसवलेला असतो किंवा वेगळा बसवून मिळतो, आणि त्याचे बटण वेगळे असते. आपल्याकडे तसे यंत्र असेल तर जून ते ऑक्टोबर हे बटण चालू आहे याची खात्री करून घ्यावी.

विदर्भातील वाचकांची अडचण नेमकी उलट असते. मे महिन्याच्या दुपारी नागपूर-चंद्रपूरकडे हवा इतकी कोरडी असते की कागदावर स्थिर वीज साठते, दोन-तीन पाने एकमेकांना चिकटून एकदम ओढली जातात आणि अक्षरांच्या भोवती टोनरचे बारीक ठिपके उडालेले दिसतात. तिथेही औषध एकच: कागद वेष्टनात ठेवणे आणि लागेल तेवढाच बाहेर काढणे.

हे सगळे सांभाळल्यानंतर जीएसएमचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.  बहुतेक छोट्या लेझर प्रिंटरांची मर्यादा ६० ते १६३ जीएसएम अशी दिलेली असते, मात्र पुष्कळदा वरचा आकडा पुढच्या एकेरी फटीतून एकेक पान घालण्यासाठी असतो. अशा यंत्रांत मुख्य ट्रे आणि आपोआप दोन्ही बाजूंनी छापणारी यंत्रणा यांची मर्यादा त्याहून बरीच कमी असते. एका बाजूने छापायच्या रोजच्या कामाला ७० जीएसएम पुरतो. दोन्ही बाजूंनी छापायचे असेल तर ७५ च्या खाली जाऊ नये, कारण पातळ कागदावर मागचा मजकूर पुढे दिसतो. शिवाय पहिल्या फेरीत उष्णतेने वळलेला पातळ कागद दुसऱ्या फेरीत अडकतो. ८० जीएसएमसाठी जादा पैसे मोजणे मी अहवाल, करारनामे आणि प्रमाणपत्रे यांच्यापुरतेच योग्य मानतो. दमट हवेत जाड कागद कमी अडकतो असा समज आहे, आणि त्यात थोडे तथ्य आहे, कारण तो ताठ असतो; परंतु सादळलेल्या ८० पेक्षा कोरडा ७० केव्हाही चांगला चालतो.

छापील आकड्यावर विश्वास नसेल तर तराजू वापरावा. ए४ आकाराची ५०० पाने ७० जीएसएमची असतील तर सुमारे २ किलो १८० ग्रॅम, ७५ ची असतील तर २ किलो ३४० आणि ८० ची असतील तर अडीच किलोला अगदी थोडे कमी भरतात. वेष्टनाचे थोडे वजन आणि कारखान्याच्या मापातील थोडा कमीजास्तपणा सोडून द्यावा. तरीही ७५ लिहिलेले रीम २१५० ग्रॅम भरत असेल तर ते ७५ चे नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. तपासणी कोरड्या दिवसांत करावी, कारण पावसाळ्यात पाणीही तराजूवर चढते.

वजन जुळले तरी कागद छपाईच्या यंत्राला मानवेलच असे नाही. हातात दोन पाने घेऊन कापलेल्या कडेवरून काळे कापड फिरवावे. पांढरी भुकटी निघाली तर तो कागद टाळावा. ही भुकटी म्हणजे कागदात भरलेले कॅल्शियम कार्बोनेट किंवा टाल्क आणि बोथट पात्याने कापताना सुटलेले तंतू. ती पिकअप रोलरवर बसते, रोलर गुळगुळीत होतो आणि मग तो कागद ओढेनासा होतो. मोठ्या आकाराचा मॅपलिथो (ऑफसेट छपाईचा साधा) कागद स्थानिक कटिंगवाल्याकडून ए४ मापात कापून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि तो स्वस्तही पडतो. तरी त्यात कडा काटकोनात नसणे, भुकटी राहणे आणि ग्रेनची, म्हणजे तंतूंची, दिशा उलटी होणे अशा तीन अडचणी संभवतात. कॉपियर कागदाचे तंतू पानाच्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणून तो यंत्रात शिरताना ताठ राहतो. कापून घेतलेल्या कागदाचा छोटा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला की तो वळतो, आणि ज्या अक्षाभोवती वळतो ती तंतूंची दिशा. ती पानाच्या रुंदीला समांतर निघाली तर तो गठ्ठा लेझरला न वापरता ऑफसेटवाल्याला द्यावा.

शुभ्रतेबद्दल मात्र मला काहीसे कठोर बोलावेसे वाटते. अतिशुभ्र दिसणाऱ्या कागदात प्रकाशाला निळसर छटा देणारी रसायने असतात. त्यांचा छपाईच्या स्पष्टतेशी संबंध नगण्य असतो, आणि वर्षानुवर्षे उजेडात राहिल्यास ती छटा उतरते. किंचित पिवळसर, परंतु सपाट आणि घट्ट पृष्ठभागाचा कागद काळ्या मजकुराला उत्तम, आणि डोळ्यांनाही बरा. लगदा कशाचा आहे याचीही काळजी नको. तमिळनाडूची टीएनपीएल उसाच्या चिपाडापासून, तर पंजाबातील ट्रायडेंट गव्हाच्या काडापासून कॉपियर कागद बनवते, आणि हे कागद लेझरवर व्यवस्थित चालतात. खरी अडचण खरखरीत पृष्ठभागाची. नक्षीदार पोताच्या बाँड कागदावर, ज्यावर विद्यार्थी प्रबंध छापून घेतात, टोनर उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांत नीट पोहोचत नाही. अक्षरे तुटक दिसतात. प्रबंधाला बाँडच हवा असेल तर गुळगुळीत पृष्ठभागाचा घ्यावा. हातकागदाचे तर प्रत्येक पान वेगळ्या जाडीचे असते आणि त्याचे सुटे तंतू यंत्रात राहतात. तो लेझरमध्ये घालू नये, स्क्रीन प्रिंटिंगने छापावा.

आकाराचा घोळ हे कागद अडकण्याचे आणखी एक कारण असते, आणि ते फारसे कोणाला सुचत नाही. प्रिंटरच्या यादीतील लीगल म्हणजे २१६ × ३५६ मिलिमीटर. आपल्या बाजारात लीगल म्हणून मिळणारा कागद पुष्कळदा २१५ × ३४५ मिलिमीटरचा असतो, आणि फुलस्केप ३३० च्या आसपास. यंत्र पानाची पुढची आणि मागची कड संवेदकापाशी केव्हा आली ते मोजत असते. अपेक्षेपेक्षा पान लवकर संपले तर ते अडकल्याची सूचना देऊ शकते किंवा शेवटच्या ओळी कापल्या जातात. म्हणून पट्टीने कागद मोजून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ते माप स्वतः नोंदवावे आणि त्याला नाव देऊन ठेवावे. कोर्टाचे काम करणाऱ्यांना हे रोजच लागते, जरी आता ए४ चा वापर वाढत आहे: सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून किमान ७५ जीएसएमचा, चांगल्या प्रतीचा ए४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई असा नियम लागू केला.

मुद्रांक कागद लेझरवर छापता येतो आणि सर्वत्र छापला जातो. तो जाड असतो, वरचा बराच भाग आधीच छापलेला असतो, आणि वाया गेला तर पैसे जातात, एवढेच त्याचे वेगळेपण. तो ट्रेमध्ये न ठेवता पुढच्या एकेरी फटीतून घालावा, मागचे दार उघडता येत असेल तर ते उघडून कागद सरळ बाहेर येऊ द्यावा, आणि त्याआधी त्याच मापाच्या साध्या कागदावर छापून, तो मुद्रांकावर धरून, उजेडात मजकुराची जागा जुळते का ते पाहावे. घडी घातलेला मुद्रांक आणला असेल तर तो वजनाखाली काही वेळ सपाट करून घेतल्याशिवाय यंत्रात घालू नये.

लिफाफ्यांत मुख्य अडचण गोंदाची असते. पाण्याने ओला करून चिकटवायचा गोंद बहुधा निभावतो. पट्टी काढून चिकटवायचे लिफाफे, प्लास्टिकची खिडकी असलेले आणि कापडी अस्तराचे लिफाफे मात्र घालू नयेत. लिफाफ्याची आघाडीची कड बोटाने दाबून धारदार करावी, कारण तिथे कागदाचे दोन-तीन थर एकत्र आलेले असतात. काही यंत्रांत मागच्या दारामागे फ्यूजरचा दाब कमी करणारे लहान खटके असतात. ते लिफाफ्यांसाठीच असतात, आणि काम झाल्यावर ते पूर्ववत न केल्यास पुढच्या साध्या कागदावरची छपाई पुसली जाते.

लग्नपत्रिकांबाबत माझे उत्तर बहुतेक वेळा नकाराचे असते. सोनेरी-चंदेरी फॉइल लावलेला किंवा धातूची चमक असलेला कागद विद्युतभार धरत नाही, तो वाहून नेतो. त्यामुळे छपाई फिसकटते आणि यंत्रालाही धोका संभवतो. पूड टाकून वितळवलेली उठावाची छपाई फ्यूजरमध्ये पुन्हा वितळून रोलरला चिकटते. नुसता मजकूर साध्या, १५०-१६० जीएसएमपर्यंतच्या, चकाकी नसलेल्या कार्डावर छापायचा असेल तर हरकत नाही. पाकिटांवर नावे छापून हवी असतील तर ते काम पत्रिकांना हळद-कुंकू लावण्यापूर्वी उरकून घ्यावे. कोपऱ्यावर कुंकू लावलेली पाकिटे यंत्रात घातली की ती पूड रोलरांवर आणि पुढच्या शंभर पानांवर दिसत राहते.

स्टिकरच्या शीट घेताना पुडक्यावर लेझरसाठी असे स्पष्ट लिहिलेले असावे. स्टिकरांमध्ये उघडी फट राहून गोंद दिसत असेल, कडेने गोंद बाहेर आला असेल, किंवा शीटमधले काही स्टिकर आधी काढून वापरलेले असतील, तर ती शीट घालू नये. अर्धवट वापरलेली शीट वाया जाऊ नये या काटकसरीपायी जेवढे फ्यूजर बदलावे लागतात तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या कारणाने लागत असतील. स्टिकर पॉलिएस्टरचा असेल आणि उत्पादकाने लेझरसाठी म्हटले असेल तर चालतो; पीव्हीसीचा असेल तर नाही.

आणि यातूनच आधार किंवा ओळखपत्राच्या कार्डांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. सेवा केंद्रांत वापरतात ती पीव्हीसीची ड्रॅगन शीट इंकजेटवर छापून नंतर गरम दाबयंत्रात जोडण्यासाठी बनवलेली असते. पीव्हीसी ८० अंश सेल्सियसच्या आसपासच मऊ पडू लागते. २०० अंशांच्या फ्यूजरमध्ये ती गुंडाळली जाऊन रोलरला चिकटते, आणि मग ती काढण्यापेक्षा नवा फ्यूजर बसवणे सोपे असते. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो कागद आणि इंकजेटसाठीच्या पारदर्शक शीट यांचेही तेच: त्यांच्यावरचा शाई शोषणारा थर उष्णतेत वितळतो. पारदर्शक शीट लेझरसाठी म्हणून वेगळी, पॉलिएस्टरची मिळते. फाटू नये अशी प्रमाणपत्रे हवी असतील तर लेझरसाठी बनवलेला पॉलिएस्टरचा न फाटणारा कागदही मिळतो, तो थोडा महाग पडतो, परंतु त्यावरची छपाई पाण्यानेही जात नाही.

चकचकीत आर्ट कागद वितळत नसला तरी त्याच्या गुळगुळीत थरात टोनर रुतत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी याचाच फायदा घेतात: मासिकाच्या चकचकीत पानावर सर्किट लेझरने छापून ते इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवतात. जी छपाई इस्त्रीने उतरते ती घडीवर आणि खिशातही उतरणार, हे उघड आहे. तेव्हा माहितीपत्रकांना चकाकी हवी असेल तर लेझरसाठी बनवलेला कोटेड कागदच घ्यावा आणि सेटिंगमध्ये तसे सांगावे.

छापील लेटरहेड ऑफसेटवर करून घेताना मुद्रकाला ते लेझरमध्ये जाणार आहे असे आधी सांगावे, म्हणजे तो उष्णता सहन करणारी शाई वापरेल, आणि शाई पूर्ण वाळायला काही दिवस द्यावेत. उष्णतेने काळा पडणारा बिलांचा कागद यंत्रात घालायचा प्रश्नच नाही.

पाठकोरे कागद वापरण्याची सवय चांगली आहे, पण लेझरमध्ये ती जपून पाळावी लागते. मागच्या बाजूचा जुना टोनर पुन्हा मऊ होतो, एकदा वळलेला कागद पुन्हा वळतो, आणि विसरलेली एक स्टेपलची पिन फ्यूजरची पातळ फिल्म, जिला दुरुस्तीवाले टेफ्लॉन म्हणतात, ती चिरून टाकते. कच्च्या प्रतींसाठी जुने यंत्र वेगळे ठेवलेले असेल, तर एकेक पान तपासून ते तिथे चालवावेत. एकुलत्या एक यंत्रात नको. त्यांच्या वह्या बांधणे अधिक फायद्याचे.

योग्य कागद निवडूनही काम बिघडते ते एका सेटिंगमुळे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कागदाचा प्रकार निवडण्याची सोय असते: साधा, हलका, जाड, कार्ड, लेबल, लिफाफा, पारदर्शिका. ही निवड केवळ नोंदीसाठी नसते. तिच्यावरून यंत्र फ्यूजरचे तापमान आणि कागदाचा वेग ठरवते. जाड कार्ड साधा म्हणून छापले तर टोनर कच्चा राहतो, आणि पातळ कागद जाड म्हणून छापला तर तो भाजून वळतो. एचपीच्या वर्गवारीत ६० ते ७४ जीएसएम हा हलका कागद धरला जातो, म्हणजे आपला ७० जीएसएम तिथे साधा नसून हलका ठरतो. तो फार वळत असेल तर हलका निवडून पाहावे. पावसाळ्यात अक्षरे पुसली जात असतील तर तात्पुरते एक पायरी जाड निवडावे. यंत्र सावकाश चालते, पण टोनर पक्का बसतो. छापलेले पान थंड झाल्यावर मध्ये घडी घालून घडीवर नखाने घासावे. थोडे तडे जाणे ठीक, पापुद्रे निघणे ठीक नाही. कोरड्या कागदावर, योग्य सेटिंगवरही पापुद्रे निघत असतील तर संशय रिफिल केलेल्या टोनरवर घ्यावा, कारण दुसऱ्या यंत्रासाठीची पूड वेगळ्या तापमानाला वितळते.

आपल्या केंद्रासाठी, वरील सर्व पाहता, नावाजलेल्या कारखान्याचा ७५ जीएसएमचा कॉपियर कागद, पावसाळ्यात एका वेळी पंधरवड्यापुरताच, मी सुचवीन. मोठी पेटी स्वस्त पडते खरी; पण ती कोकणात मेमध्ये घेऊन सप्टेंबरपर्यंत पुरवायची असेल तर ती बचत कार्ट्रिजच्या खर्चात निघून जाते. ग्राहकाने आणलेला कागद, विशेषतः पातळ, रंगीत किंवा अज्ञात प्लास्टिकचा, छापण्यापूर्वी त्याचा तुकडा दोन कागदांमध्ये ठेवून त्यावर कडक तापलेली इस्त्री क्षणभर टेकवावी. तो आकसला, चिकटला किंवा वास सुटला तर परत द्यावा. इस्त्रीचे तापमान फ्यूजरच्या जवळ जाणारे असते, म्हणून ही चाचणी भरवशाची नसली तरी उपयोगाची आहे: तिच्यात नापास झालेली वस्तू यंत्रात नक्कीच नापास होते, उत्तीर्ण झालेली होईलच असे नाही.

शेवटची सूचना छपाई झाल्यानंतरची. सोसायटीचे ठराव, वारसाची कागदपत्रे किंवा गुणपत्रिकांच्या प्रती ग्राहक पारदर्शक प्लास्टिकच्या फायलीत घालून नेतात. मऊ पीव्हीसीच्या फायलीतील प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य टोनरलाही मऊ करते, आणि काही महिन्यांनी अक्षरे कागद सोडून फायलीला चिकटलेली आढळतात. पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे दुकानात पीपी म्हणून मिळणाऱ्या, किंचित दुधी आणि कडक फायलींत हा दोष नसतो. काउंटरवर त्याच ठेवाव्यात.